स्पीड टेस्ट झकास, तरी कॉल अडखळतो: लेटन्सी आणि पॅकेट लॉस मोजायचे कसे, वाचायचे कसे

स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसतात. तरी व्हिडिओ कॉलवर आवाज चिरकतो, चेहरा गोठतो, दोघं एकदम बोलायला लागतात आणि दोघंही एकदम गप्प होतात. यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला असतो: मोठा प्लॅन. तो घेतल्यावरही रडगाणं तेच राहतं, कारण कमी पडत होती ती बँडविड्थ नव्हतीच. साध्या आवाजाच्या कॉलला १०० केबीपीएससुद्धा पुरून उरतात.

सुरुवात करण्याआधी चार शब्द पक्के करून घेऊ. सेकंदाला किती बिट जाऊ शकतात ती बँडविड्थ. एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, जाऊन त्याचं उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे राउंड ट्रिप, आणि लेटन्सीचा जो आकडा आपल्याला दिसतो तो बहुतेक वेळा हाच असतो. वाटेत हरवलेल्या पॅकेटांचं शेकडा प्रमाण म्हणजे पॅकेट लॉस. आणि लेटन्सी एका पॅकेटला १५ मिलिसेकंद, पुढच्याला ९० अशी उड्या मारत असेल तर तो जिटर.

या चौघांतला पहिलाच जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापला जातो. रोजचा त्रास बाकीचे तीन देतात. तेही सुटे सुटे नाही, एकमेकांत गुंतून. हरवलेल्या पॅकेटचा भुर्दंड राउंड ट्रिपच्या हिशेबात भरावा लागतो. एक टक्का लॉस जवळच्या सर्व्हरशी बोलताना जाणवतही नाही, तोच एक टक्का दूरच्या सर्व्हरशी बोलताना सगळं काम ठप्प करतो. हे गणित लक्षात ठेवून पुढच्या पायऱ्या चढा.

एक सूचना: पुढे ज्या आज्ञा येतील त्यांचे उच्चार दिले आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

पायरी १: उशीर कशाकशाचा असतो ते ओळखा

पहिला उशीर अंतराचा. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, निर्वात पोकळीतल्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे दर १००० किलोमीटरला जाताना ५ मिलिसेकंद आणि जाऊन येऊन १०. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर राउंड ट्रिप १०० मिलिसेकंदांखाली येणं शक्यच नाही. केबल सरळ रेषेत टाकलेली नसल्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून मोठाच निघतो. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच सुमारे २४० मिलिसेकंद लागतात, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायला तितकेच आणखी. पैसे टाकून हा आकडा खाली आणता येत नाही. ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांवरून इंटरनेट दिलं जातं, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

दुसरा उशीर पॅकेट तारेवर चढवण्याचा. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. १ एमबीपीएसच्या लाइनवर ते चढायला १२ मिलिसेकंद घेतं, १०० एमबीपीएसवर ०.१२. आजच्या घरगुती लाइनवर हा हिशेब सोडून दिला तरी चालतो. राउटरने पत्ता वाचून पॅकेट पुढे ढकलायला लागणारा वेळ त्याहूनही किरकोळ.

उरला तो रांगेचा उशीर. पुढची लाइन भरलेली असली की पॅकेट राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या मेमरीत, थांबून राहतं. हा उशीर क्षणोक्षणी बदलतो, शून्यापासून काही सेकंदांपर्यंत कुठेही जातो, आणि आपल्या हातात असलेला उशीर बहुतांशी हाच.

यातून एक सोपी युक्ती मिळते. एकाच ठिकाणी भरपूर पिंग, म्हणजे नुसतं उत्तर मागणारी छोटी पॅकेटं, पाठवले तर त्यातला सर्वांत छोटा आकडा हा जवळजवळ निव्वळ अंतराचा उशीर असतो. त्याच्या वर जे काही दिसेल ते रांग किंवा वाय-फाय. म्हणून सरासरीच्या आधी किमान आकडा बघा.

पायरी २: दोन पिंग, एकाच वेळी

पिंग हा प्रोग्राम माइक मुस यांनी डिसेंबर १९८३मध्ये लिहिला, आणि अजूनही पहिलं निदान त्यानेच होतं. पण तो एकट्याने चालवू नका. कमांड प्रॉम्प्टच्या (लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनलच्या) दोन खिडक्या उघडा. एकीत घरच्या राउटरला पिंग लावा, दुसरीत बाहेरच्या एखाद्या भरवशाच्या पत्त्याला. गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ चालेल. राउटरचा पत्ता विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' दिल्यावर 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो, बऱ्याचदा १९२.१६८ने सुरू होणारा. फोन आणि मॅकवर तो वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'राउटर' किंवा 'गेटवे' या नावाखाली सापडतो.

विंडोजचा पिंग चार पॅकेटं पाठवून थांबतो. चारांवरून काहीही कळत नाही. विंडोजवर 'डॅश एन ३००' आणि लिनक्स किंवा मॅकवर 'डॅश सी ३००' जोडा, म्हणजे तीनशे पॅकेटं जातील. पाच मिनिटांचं काम. तीनशेच का? संख्याशास्त्रातला एक ठोकताळा आहे: अमुक इतक्या प्रयत्नांत एकदाही चूक झाली नाही, तर ३ला त्या संख्येने भागा, खरं प्रमाण त्या आकड्याच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३०० पिंगांत एकही हरवला नाही, तर लॉस १ टक्क्याच्या आत. पन्नासांत एकही हरवला नाही, तर फक्त ६ टक्क्यांच्या आत, आणि ६ टक्के लॉस हा भयानक लॉस असतो.

समजा आकडे असे आले. राउटरचा पिंग: किमान २, सरासरी ११, कमाल १९० मिलिसेकंद, लॉस शून्य. बाहेरचा पिंग: किमान १४, सरासरी २४, कमाल २०५, लॉस शून्य. वरवर पाहता दुसरी ओळ वाईट दिसते आणि हात फोनकडे जातो, सेवा कंपनीला झापायला. पण नीट बघा. तुमच्यापासून काही फुटांवर असलेल्या राउटरलाच १९० मिलिसेकंद लागले आहेत. बाहेरच्या आकड्यातून राउटरचा आकडा वजा केला तर किमान, सरासरी आणि कमाल या तिन्हींत १२ ते १५ मिलिसेकंदांचाच फरक उरतो. बाहेरची लाइन सुतासारखी सरळ आहे, सगळी गडबड वाय-फायची आहे.

मग लॉस शून्य कसा? कारण वाय-फाय आपली हरवलेली पॅकेटं लपवतं. हवेतून पाठवलेल्या एखाद्या तुकड्याची पोच मिळाली नाही तर ते स्वतःच तो पुन्हा पाठवतं, एकदा, दोनदा, बरेचदा. वरच्या थराला हरवणं दिसतच नाही, उशीर दिसतो. वाय-फायवर जिटर दिसला की समजायचं, खाली लॉस चालू आहे. शहानिशा करायची असेल तर लॅपटॉपला इथरनेट केबल लावा आणि हीच चाचणी पुन्हा करा. राउटरचा कमाल आकडा एकदोन मिलिसेकंदांवर आला तर निकाल लागला.

विंडोजवर एक खोच आहे. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' अशी ओळ आली तरी तो ते पॅकेट 'मिळालं' असं मोजतो, आणि शेवटी लॉस शून्य टक्के लिहून मोकळा होतो. तेव्हा नुसती शेवटची बेरीज पाहू नका, मधल्या ओळींवरूनही नजर फिरवा. आणि काही सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत. तिथे १०० टक्के लॉस दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, दुसरा पत्ता घ्या.

पायरी ३: लाइनवर भार टाका आणि मग मोजा

सगळ्या पायऱ्यांत एकच करायला वेळ असेल तर ही करा. मोकळ्या लाइनचा पिंग जवळजवळ सगळ्यांचाच चांगला येतो. त्रास होतो तो कुणीतरी फोटोंचा बॅकअप चढवत असताना, किंवा गेमचं अपडेट उतरत असताना.

बाहेरचा पिंग चालू ठेवा. अर्धं मिनिट तसाच बघा. आता एखादी मोठी फाइल क्लाउडवर अपलोड करायला लावा आणि आकड्यांकडे बघत राहा. १५, १४, १६ असे येणारे आकडे ८०, २४०, ६०० असे चढत गेले आणि अपलोड थांबवताच झपकन खाली आले, तर रोग सापडला. त्याचं नाव बफरब्लोट. २०१०च्या सुमारास जिम गेटिस यांनी हा प्रश्न आणि हे नाव दोन्ही चर्चेत आणलं.

हे होतं कसं? मॉडेममध्ये अपलोडसाठी समजा १० लाख बाइटांचा बफर आहे आणि अपलोडचा वेग ५ एमबीपीएस. १० लाख बाइट म्हणजे ८० लाख बिट. ते रिकामे व्हायला १.६ सेकंद लागतात. बफर भरलेला असताना तुमच्या कॉलचं छोटंसं पॅकेट आलं, तर ते रांगेच्या शेवटी उभं राहतं आणि दीड सेकंदाने बाहेर पडतं. हरवलं काहीच नाही, कॉलचा मात्र निकाल लागला.

बफर इतका भरतो कारण टीसीपी नावाची जी पद्धत फाइली वाहून नेते, तिला लाइन भरल्याचा निरोप सहसा पॅकेट हरवल्यावरच मिळतो. हरवत नाही तोवर ती वेग वाढवत राहते. बफर मोठा असल्यामुळे काहीच हरवत नाही, म्हणून ती आणखी रेटते. एकही पॅकेट हरवू नये म्हणून बसवलेली मेमरीच घात करते. थोडा लॉस हा नेटवर्कच्या प्रकृतीला आवश्यक असतो हे नवख्यांना पचायला जड जातं, पण आहे तसंच.

उपायही याच जाणिवेतून आला. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. रांगेत किती पॅकेटं आहेत हे ती मोजत नाही, प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघते. ही थांबण्याची वेळ १०० मिलिसेकंदभर सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिली, तर ती मुद्दाम पॅकेट टाकून देते, म्हणजे पाठवणारा वेळीच आवरतं घेतो. तिचाच पुढचा अवतार एफक्यू-कोडेल प्रत्येक संभाषणाला वेगळी रांग देतो, त्यामुळे कॉलचं पॅकेट बॅकअपच्या मागे अडकत नाही.

तुमच्या राउटरमध्ये ही सोय असेल तर ती 'एसक्यूएम', 'स्मार्ट क्यू' अशा काहीशा नावाखाली असते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरवर ती घालता येते. चालू करताना डाउनलोड आणि अपलोडचा वेग विचारला जातो. तिथे मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के लिहा. पूर्ण आकडा लिहिलात तर रांग पुन्हा मॉडेममध्येच लागेल आणि तुमच्या राउटरच्या हुशारीला वाव राहणार नाही. दहा टक्के वेग सोडायला जिवावर येतं, पण माझ्या मते घरच्या नेटवर्कवर याहून स्वस्त सुधारणा नाही.

हातात पिंग नसेल तर नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम ही चाचणी 'अनलोडेड' आणि 'लोडेड' अशी दोन्ही लेटन्सी दाखवते. या दोहोंतला फरक बघायचा.

पायरी ४: गडबड कुठल्या टप्प्यावर आहे

यासाठी ट्रेसराउट. विंडोजवर 'ट्रेसर्ट'. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो, तो प्रत्येक राउटर एकाने कमी करतो. शून्य झाला की तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि 'इथे संपलं' असा निरोप पाठवतो. ट्रेसराउट आधी १, मग २, मग ३ असं आयुष्य देऊन प्रत्येक टप्प्याकडून असा निरोप मिळवतो. लिनक्सवर 'एमटीआर' मिळतो. तो हेच सतत करत राहतो आणि दर टप्प्याचा लॉस दाखवतो. एमटीआरच वापरा.

आता सापळा. चौथ्या टप्प्यावर ६० टक्के लॉस दिसतो, पाचव्यापासून शेवटपर्यंत शून्य. नवखा माणूस चौथ्याला गुन्हेगार ठरवतो. पण चौथ्यावर खरंच ६० टक्के पॅकेटं पडत असती, तर त्याच्या पलीकडच्या टप्प्यांना शून्य लॉस आला कुठून? त्यांची पॅकेटंही त्याच्यातूनच गेली. झालं इतकंच की तो राउटर दुसऱ्यांची पॅकेटं झपाट्याने पुढे ढकलतो आणि स्वतःकडे आलेल्या विचारणांना सवडीने उत्तर देतो. खरा लॉस एका टप्प्यावर सुरू होतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत टिकतो. लेटन्सीलाही हाच नियम लावा. आणि हेही असू द्या डोक्यात, की उत्तरं परत येण्याचा रस्ता जाण्याच्या रस्त्यापेक्षा वेगळा असू शकतो आणि तो तुम्हाला इथे दिसत नाही.

पायरी ५: फाइली आणि वेबसाइटींवर काय परिणाम होतो ते आकड्यांत मांडा

एका पॅकेटच्या हरवण्याकडे जवळून बघू. सर्व्हरने १६ ते २० अशी पाच पॅकेटं पाठवली. १७ वाटेत गेलं. १८ पोचलं, तुमचा संगणक म्हणाला, "१७ हवंय." १९ पोचलं, पुन्हा, "१७ हवंय." २० पोचलं, तिसऱ्यांदा तेच. एकच मागणी तीनदा आली की सर्व्हर समजतो आणि १७ पुन्हा पाठवतो. या सगळ्यात साधारण एक राउंड ट्रिप जास्तीची गेली. तोवर १८, १९, २० तुमच्याच संगणकात येऊन पडलेले असतात, पण ब्राउझरला मिळत नाहीत. टीसीपी क्रम मोडत नाही.

हरवलेलं पॅकेट शेवटचं असेल तर पंचाईत वाढते. त्याच्या मागून काही येतच नाही, मग "२० हवंय" असं पुन्हा पुन्हा म्हणणार कोण? सर्व्हरला घड्याळ संपायची वाट बघावी लागते. मानकाप्रमाणे ते किमान १ सेकंदाचं असावं. लिनक्सने ते किमान २०० मिलिसेकंदांवर आणलं आहे. अशा शेपटाकडच्या लॉससाठी हल्ली आणखी उपाय आले आहेत, तरी छोटीशी गोष्ट कधीकधी उगाच अडते त्यामागे बऱ्याचदा हे घड्याळ असतं.

शिवाय दंड वेगळाच. पॅकेट हरवलं की टीसीपी वेग कमी करते. जुनी रीनो पद्धत तो निम्म्यावर आणते, लिनक्समध्ये प्रचलित असलेली क्यूबिक सुमारे ३० टक्क्यांनी. रीनोमध्ये पुन्हा वर चढणं होतं ते दर राउंड ट्रिपला एकेक पायरी. राउंड ट्रिप लांब, तर चढण लांब.

हा दंड लावण्यामागे इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातली लाइन, अंतर जेमतेम ४०० यार्ड, ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर कोसळली. केबी नव्हे, नुसते ४० बिट. लाइन तुंबली होती, पॅकेटं हरवत होती, आणि प्रत्येक यंत्र हरवलेलं पुन्हा पाठवून ती आणखी तुंबवत होतं. जेकबसन यांनी यावर काम करून १९८८मध्ये टीसीपीला आवरतं घ्यायला शिकवलं. त्या शिकवणीवर इंटरनेट उभं आहे, म्हणून वेग कमी झाल्याबद्दल टीसीपीला दोष देण्यात अर्थ नाही.

आता हिशेब. १९९७मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी एक सोपं सूत्र दिलं: एका जोडणीचा कमाल वेग म्हणजे पॅकेटमधला मजकूर भागिले राउंड ट्रिप, गुणिले १.२२, भागिले लॉसचं वर्गमूळ. १४६० बाइट मजकूर धरून आकडे घालून बघा. राउंड ट्रिप १०० मिलिसेकंद, लॉस १ टक्का: सुमारे १.४ एमबीपीएस. लाइन १०० एमबीपीएसची असो की १००० ची, एवढंच. तोच १ टक्का लॉस, पण राउंड ट्रिप १० मिलिसेकंद: १४ एमबीपीएस. पुन्हा राउंड ट्रिप १०० करा आणि १४च हवे असतील, तर लॉस ०.०१ टक्क्यावर आणावा लागेल.

म्हणजे लेटन्सी दहापट कमी केली की वेग दहापट वाढतो, पण लॉसच्या बाजूने तेवढंच मिळवायला तो शंभरपट कमी करावा लागतो. मोठ्या साइट आपला माल वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर का ठेवतात, याचं उत्तर या एका सूत्रात आहे. सूत्र रीनोच्या काळातलं आहे. क्यूबिक काही परिस्थितींत याहून बरी चालते, आणि गूगलने २०१६मध्ये आणलेली बीबीआर ही टीसीपीची पद्धत लॉस हा तुंबल्याचा मुख्य पुरावा मानतच नाही. तरी अंदाज बांधायला हे उत्तम.

स्पीड टेस्टचं गौडबंगालही इथे उलगडतं. ती बहुधा जवळचा सर्व्हर निवडते आणि एकदम अनेक जोडण्या उघडते. राउंड ट्रिप छोटी, आणि एका जोडणीला फटका बसला तरी बाकीच्या लाइन भरून ठेवतात. तुमची दूरच्या सर्व्हरवरची एकुलती एक फाइल त्याच वेळी रांगत असू शकते. दोन्ही खरं.

वेबसाइट उघडताना तर लॉस नसतानाही राउंड ट्रिप मोजाव्या लागतात. नावाचा पत्ता शोधायला एक. टीसीपीची जोडणी करायला एक. एनक्रिप्शन ठरवायला जुन्या टीएलएस १.२मध्ये दोन, २०१८च्या टीएलएस १.३मध्ये एक, मग पानाची मागणी आणि उत्तर, एक. टीएलएस १.३ धरूनही चार राउंड ट्रिप झाल्या आणि पडद्यावर अजून काही नाही. नावाचा पत्ता सहसा जवळच मिळतो म्हणून तो सोडून दिला, तरी २०० मिलिसेकंदांच्या राउंड ट्रिपवर ६०० मिलिसेकंद यातच गेले. पुढे सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण १० पॅकेटं पाठवतो, मग २०, मग ४०. एक लाख बाइटची फाइल अशा तीन फेऱ्यांत येते, लाइन कितीही रुंद असली तरी.

तुम्ही प्रोग्राम लिहीत असाल तर इथे थांबून आपला कोड तपासा. डेटाबेस ४० मिलिसेकंदांवर आहे आणि लूपमध्ये एकेक करून ५० प्रश्न विचारले जात आहेत: दोन सेकंद गेले. आपल्या मशीनवर डेटाबेस शेजारीच असतो, तिथे हे कधीच लक्षात येत नाही. पन्नास प्रश्नांचा एक प्रश्न करा.

क्विक ही नवी पद्धत, मे २०२१मध्ये मानक झालेली, यातल्या काही फेऱ्या वाचवते. जोडणी आणि एनक्रिप्शन एकाच फेरीत उरकते, आणि एका प्रवाहातलं पॅकेट हरवलं तर बाकीचे प्रवाह अडत नाहीत. ज्या प्रवाहातलं हरवलं त्याला मात्र थांबावंच लागतं.

पायरी ६: कॉलचं गणित निराळं

आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात, सेकंदाला ५० पॅकेटं. ती यूडीपीवरून, म्हणजे पोच न मागणाऱ्या पद्धतीने, जातात. हरवलं तर हरवलं, वाट बघत नाही कुणी. १ टक्का लॉस म्हणजे दर दोन सेकंदांना एक तुकडा गायब. ती पॅकेटं सुटी सुटी हरवत असतील तर कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवणारं आणि उलगडणारं सॉफ्टवेअर, आधीच्या आवाजावरून खड्डा बुजवतो आणि कानाला कळतही नाही. पण वीसेक सेकंद शांत असलेली लाइन एकदम सलग दहा पॅकेटं गिळत असेल तर २०० मिलिसेकंद गेले, म्हणजे "नाही" हा अख्खा शब्द गेला, आणि वाक्याचा अर्थ उलटला. टक्केवारी दोन्हीकडे तीच निघू शकते. म्हणून पिंगच्या यादीत हरवलेली पॅकेटं विखुरलेली आहेत की गठ्ठ्याने गेली आहेत, ते डोळ्यांनी बघा.

उशीर किती चालेल? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते की तोंडापासून कानापर्यंत, एका दिशेने, १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांना खटकत नाही, आणि ४००च्या पलीकडे जाऊ नये. या १५०मध्ये फक्त नेटवर्क येत नाही. पॅकेट भरायला २०, आवाज टिपायला आणि वाजवायला यंत्राचा वेळ, ब्लूटूथ हेडफोन असेल तर त्याचा आणखी. ब्लूटूथचा हिस्सा लोक विसरतात. कॉल बिघडला की आधी तारेचा हेडफोन लावून बघा.

शिवाय जिटर बफर. पॅकेटं वेळीअवेळी येतात, पण आवाज एकसारखा वाजवायचा असतो, म्हणून ॲप थोडी पॅकेटं साठवून मग वाजवतं. साठा ६० मिलिसेकंदांचा ठेवला तर तेवढा उशीर कायमचा वाढला. तो कमी ठेवला तर उशिरा आलेलं पॅकेट वाजवायची वेळ टळून गेलेली असते. ते पोचूनही हरवल्यातच जमा. ॲपला एक काहीतरी निवडावं लागतं, आणि चांगली ॲप हा साठा सतत कमीजास्त करत राहतात.

हरवलेलं पुन्हा मागवता येत नाही का? येतं, राउंड ट्रिप ३० मिलिसेकंदांची असेल तर. मागणी जाऊन पॅकेट परत येईपर्यंत वाजवायची वेळ उलटलेली नसते. व्हिडिओत हे सर्रास होतं. ३०० मिलिसेकंदांच्या राउंड ट्रिपवर तेच निरुपयोगी. व्हिडिओच्या बहुतेक फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं, त्यामुळे एक तुकडा गेला की पुढच्याही बिघडतात, आणि नवी पूर्ण फ्रेम येईपर्यंत चेहरा गोठून बसतो. आवाजासाठी २०१२मध्ये मानक झालेल्या ओपस कोडेकमध्ये दुसरी सोय आहे: पुढच्या पॅकेटमध्ये मागच्याची हलक्या दर्जाची प्रत घालून पाठवता येते. थोडी बँडविड्थ जास्त जाते, पण राउंड ट्रिपची वाट बघावी लागत नाही.

पायरी ७: त्रास मुद्दाम निर्माण करून बघा

ॲप किंवा साइट बनवणाऱ्यांसाठी ही पायरी. बाकीच्यांनी ओलांडून जायला हरकत नाही. लिनक्समध्ये नेटेम नावाची सोय आहे. 'टीसी क्यूडिस्क ॲड डेव्ह' लिहून आपल्या नेटवर्क कार्डाचं नाव द्या, पुढे 'रूट नेटेम डिले १००एमएस लॉस १%'. कार्डावरून बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट आता १०० मिलिसेकंद उशिरा निघेल आणि शंभरातलं एक हरवेल. काढायला 'ॲड'च्या जागी 'डेल' आणि शेवट 'रूट'वर. दूरच्या सर्व्हरवर लॉग-इन करून हा खेळ करू नका. लॉसचा आकडा चुकून मोठा लिहिलात तर तुमचीच जोडणी तुटेल आणि 'डेल' टाइप करायला आत शिरता येणार नाही.

आधी फक्त उशीर, मग फक्त लॉस, मग दोन्ही असं करा. वेग मोजायला आयपर्फ३ वापरा आणि पायरी ५मधल्या सूत्राशी ताडून बघा. दोन्ही एकत्र आल्यावर आकडा कसा कोसळतो ते स्वतः पाहिलं की वाचायची गरज राहत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्येही नेटवर्क मंद करायची सोय असते, साइट तपासायला ती पुरते.

पायरी ८: दुरुस्तीचा क्रम

राउटरच्या पिंगमध्येच उड्या असतील तर घरातच बघा. केबल लावता आली तर प्रश्न मिटला. नसेल तर २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झचा बँड, राउटर उघड्यावर आणि जवळ. २.४ वर शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळेच कल्ला करतात.

राउटरचा पिंग स्वच्छ, पण भार टाकल्यावर बाहेरचा चढतो: एसक्यूएम. ते नसेल तर बॅकअपच्या ॲपमध्ये अपलोडच्या वेगाला मर्यादा घाला किंवा बॅकअप रात्रीवर ढकला.

भार नसतानाही किमान आकडाच मोठा असेल तर रस्ता लांब आहे. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून पुन्हा मोजा. तो सगळी पॅकेटं दुसऱ्याच खंडातून फिरवून आणत असू शकतो. गेम किंवा कॉलच्या ॲपमध्ये सर्व्हरचा प्रदेश निवडता येत असेल तर जवळचा निवडा.

आणि राउटर स्वच्छ, लाइनवर भार नाही, तरी बाहेर लॉस टिकून आहे, केबलवरही तसाच: आता सेवा कंपनीला फोन करा. "नेट स्लो आहे" म्हणू नका, ते तुम्हाला स्पीड टेस्ट करायला लावतील आणि ती छान येईल. केबल लावून एकाच वेळी घेतलेले राउटरचे आणि बाहेरचे ३०० पिंग द्या, तारीख-वेळेसकट. संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा घ्या. संध्याकाळीच लॉस असेल तर त्यांची पुढची लाइन तुंबते आहे, दोन्ही वेळी सारखाच असेल तर तुमच्या दारापर्यंतची तार, जोड किंवा मॉडेम संशयित. सोबत एमटीआरची यादी जोडा आणि लॉस कुठल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकतो त्या ओळीवर खूण करा.